टाकीवरच्या सेन्सरसाठी वाय-फाय, लोरा की एनबी-आयओटी?

उन्हाळ्यात टँकर कधी मागवायचा हे ठरवण्यासाठी पुण्यातल्या अनेक सोसायट्यांना टाकीतली पाण्याची पातळी वेळेवर कळणे गरजेचे असते. टाकीजवळ वीज नसेल तर सेन्सर बॅटरीवर चालवावा लागतो आणि अशा वेळी वाय-फाय, लोरा (कमी विजेत लहान निरोप दूरवर पाठवणारी रेडिओ पद्धत) आणि एनबी-आयओटी (मोबाइल नेटवर्कवरून असे निरोप पाठवणारी पद्धत) यांतून निवड करताना दोनच आकडे आधी पाहावेत: यंत्र दोन निरोपांमध्ये झोपेत असताना किती प्रवाह घेते आणि एका निरोपामागे किती वीज खर्च होते.

यांपैकी पहिल्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ईएसपी-32 ही अशा यंत्रांत वापरली जाणारी वाय-फायची चिप गाढ झोपेत सुमारे 10 मायक्रोअँपिअर घेते, परंतु ती ज्या तयार बोर्डावर बसवलेली असते त्यावरचा सतत जळणारा लाल दिवा, यूएसबीची चिप आणि व्होल्टेज रेग्युलेटर मिळून काही मिलिअँपिअर खातात. आमच्या पहिल्या यंत्राची 2400 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांतच संपली. पुण्यातल्या तापकीर गल्लीतून मल्टिमीटर आणून मोजले, तेव्हा झोपेतला प्रवाह 5 मिलिअँपिअर भरला. या हिशेबाने ती 480 तासच पुरणार होती. त्यामुळे विकत घेण्यापूर्वी चिपचा नव्हे, तर पूर्ण बोर्डाचा आकडा विचारावा.

आता निरोपाचा खर्च. वाय-फायला राउटरशी जुळणी करून माहिती पाठवण्यास 3 सेकंद आणि सरासरी 100 मिलिअँपिअर लागतात असे धरले, तर दर 15 मिनिटांनी निरोप पाठवणाऱ्या यंत्राला तीच बॅटरी झोपेतला खर्च सोडला तरी जेमतेम 300 दिवस पुरते. लोरावर स्प्रेडिंग फॅक्टर (सिग्नल कमजोर असेल तसा वाढवला जाणारा आणि निरोप सावकाश पाठवणारा आकडा) 7 असेल तर लहानसा निरोप सुमारे 60 मिलिसेकंदांत जातो आणि बॅटरी काही वर्षे टिकू शकते. मात्र हाच निरोप फॅक्टर 12 वर जवळजवळ दीड सेकंद घेतो, म्हणजे प्रत्येक वेळी वीसपटींहून अधिक वीज जाते. जमिनीखालच्या टाकीच्या लोखंडी झाकणाखाली अँटेना ठेवला की नेमके हेच घडते, म्हणून केबल लांबली तरी चालेल, पण अँटेना झाकणाबाहेरच काढावा. लोरासाठी भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्‌झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. गेटवेला, म्हणजे लोराचे निरोप घेऊन इंटरनेटवर पाठवणाऱ्या यंत्राला, वीज आणि इंटरनेट लागते, ते सोसायटीच्या कार्यालयात असतेच.

एनबी-आयओटीला गेटवे लागत नाही, सिमकार्ड लागते. गावाबाहेरच्या प्लॉटवर एकच बोअरवेल असेल तर ते सोयीचे ठरते, मात्र रेंज कमजोर असल्यास मोडेम तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते.

खालच्या टाकीसाठी मी लोराच घेईन. गच्चीवर लिफ्टच्या मशीनरूममधून वायर ओढता येत असेल, तर तिथे विजेवर चालणारे वाय-फायचे यंत्र बसवावे. त्यासाठी बॅटरीचा खर्च करण्याचे कारण नाही.