जुना पीसी, खोटी डिस्क आणि बाबांच्या कॅसेट

बाबा शाळेत मास्तर होते. दर एकादशीला आमच्या नौपाड्याच्या घरी भजन असायचं आणि ते टू-इन-वनवर रेकॉर्ड करून ठेवायचे. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला ते खाकरून तिथी आणि साल सांगायचे, मग पेटीचा सूर लागायचा. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा भावाने त्या चाळीस कॅसेटच्या, प्रत्येक बाजूची एक अशा, ऐंशी एमपी-थ्री फाइल करून घेतल्या. कॅसेटना पावसाळ्यातली बुरशी लागली होती, भाड्याच्या घरात जागाही नव्हती, म्हणून त्या आम्ही टाकून दिल्या. आता बाबांचा आवाज फक्त पीसीवर होता आणि त्याची दुसरी कॉपी आम्ही कधी केली नव्हती. माझी पहिली चूक ही. पुढची चूक तिच्यामुळेच इतकी महागात पडली.

पीसी 2012 चा. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम, 500 जीबीची साधी हार्ड डिस्क. भाच्याने त्यावर जेलीफिन टाकून दिलं होतं. घरातली गाणी, व्हिडिओ नीट लावून टीव्हीवर दाखवणारं हे सॉफ्टवेअर, म्हणजे मीडिया सर्व्हर. आई रिमोट घेऊन हॉलमध्ये बसायची आणि हवं ते भजन लावायची. दोन वर्षं कसलीही कुरकुर नव्हती. मग गेल्या डिसेंबरमध्ये पुतणीच्या साखरपुड्याचे मोबाइलवरचे व्हिडिओ त्यात टाकले. ते दर दोन सेकंदांनी अडकायचे आणि पीसीचा पंखा मिक्सरसारखा वाजायचा. भाचा बंगळूरला, कामात. त्याला कशाला त्रास द्यायचा, म्हणून मी स्टेशनकडच्या एका गाळ्यात पीसी घेऊन गेले.

मुलगा अगदी अदबीने बोलणारा. "काकू, हा पीसी आता कामातून गेला. विंडोज 10 चा सपोर्ट बंद झालाय आणि ह्याच्यावर 11 चढणार नाही." ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि विंडोज 11 ला अधिकृतपणे इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मी घरी येऊन मोबाइलवर बघितलं, बरोबर निघालं. त्यामुळे पुढचं मी पडताळलंच नाही. पुढचं असं होतं: तुमच्या मीडिया सर्व्हरचं लायसन्स संपलंय म्हणून व्हिडिओ अडकतात, लाइफटाइम घ्या, 4,500. हार्ड डिस्कमध्ये बॅड सेक्टर, म्हणजे खराब झालेले भाग, आहेत, फॉरमॅट मारावा लागेल. आणि डेटा सुरक्षित राहावा म्हणून ही 2 टीबीची एक्स्टर्नल एसएसडी घ्या, 3,200. मजुरी 1,500. सगळे मिळून 9,200 रुपये मी त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर भरले. पक्कं बिल मागितलं तर "काकू, बिल घेतलं तर जीएसटी लागेल" म्हणून वहीतला एक कागद फाडून दिला.

डिस्क देताना त्याने माझ्यासमोर दादाच्या लग्नाचा व्हिडिओ लावून दाखवला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. भजनांच्या फोल्डरमध्ये ऐंशीच्या ऐंशी नावं दिसत होती, त्यातली एकही फाइल मी लावून बघितली नाही.

आई तेव्हा नाशिकला भावाकडे होती. दीड महिन्याने परत आली. एकादशीला संध्याकाळी दिवा लावून तिने रिमोट हातात घेतला. नाव दिसतं, वेळ दिसते, आवाज नाही. दुसरी लावली, तेच. चौथ्या-पाचव्या फाइलनंतर ती माझ्याकडे बघायला लागली. ते बघणं मला विसरता येणार नाही.

भाचा शनिवारी आला. डिस्कवरचं वाचता येईल तेवढं त्याने आधी बाजूला काढलं. मग एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने तिच्यावर 100 जीबी लिहून परत वाचायला लावलं. साठेक जीबीच्या पुढचं काहीच परत वाचता आलं नाही. डबी उघडली तर आत नखाएवढं मेमरी कार्ड एका छोट्या सर्किटला जोडलेलं, आणि वजन यावं म्हणून गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. ह्या बनावट डिस्क कॉम्प्युटरला स्वतःची क्षमता खोटी सांगतात. जागा संपली तरी "लिहिलं" म्हणत राहतात, फाइलचं नाव आणि साइज यादीत तशीच राहते, आतला मजकूर मात्र कुठेच नसतो. लग्नाचे व्हिडिओ आधी कॉपी झाले म्हणून वाचले. भजनं शेवटी गेली.

लायसन्सचं ऐकून तर तो चिडलाच. "मावशी, जेलीफिन फुकट आहे गं!" 2018 च्या डिसेंबरमध्ये एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरने आपला सोर्स कोड बंद केला, तेव्हा काही जणांनी वेगळं होऊन जेलीफिन सुरू केलं. त्यात पैसे भरून उघडण्यासारखं काहीच नाही. प्लेक्स नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा लाइफटाइम पास खरोखर विकत मिळतो, म्हणून "लाइफटाइम" हा शब्द कुणालाही खरा वाटू शकतो. मला वाटला.

आणि अडकण्याचं खरं कारण? बरेच नवे फोन व्हिडिओ एच.265 ह्या नव्या, कमी जागा घेणाऱ्या पद्धतीत साठवतात. आमच्या जुन्या टीव्हीला ते कळत नाही, त्यामुळे पीसीला ते चालता चालता बदलून द्यावे लागतात. ह्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. 2011 साली आलेल्या त्या पिढीच्या चिपमध्ये एच.265 उलगडण्याची वेगळी सोय नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि तो दमतो. बाबांच्या एमपी-थ्रीला ह्यातलं काहीच लागत नव्हतं, ती फाइल पीसी नुसती उचलून टीव्हीला देत होता. भाच्याने हँडब्रेक ह्या फुकट सॉफ्टवेअरने साखरपुड्याचे व्हिडिओ रात्रभरात एच.264 ह्या जुन्या, टीव्हीला कळणाऱ्या पद्धतीत करून ठेवले. सकाळी सलग चालले. त्याच पीसीवर, त्याच 4 जीबी रॅमवर. विंडोज काढून त्याने आता लिनक्स टाकलंय, म्हणजे सपोर्टचाही प्रश्न मिटला. पण ते सगळ्यात शेवटी, कारण त्याआधी जुन्या हार्ड डिस्कवरून भजनं शोधायची होती.

एवढं एकच आमच्या बाजूने होतं. क्विक फॉरमॅटने डेटा लगेच पुसला जात नाही, त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं की जातो. बॅड सेक्टर एकही नव्हता, क्रिस्टलडिस्कइन्फोने डिस्क ठणठणीत असल्याचं दाखवलं. पण दीड महिना मी त्याच डिस्कवर पीसी वापरला होता. तुमच्या बाबतीत असं काही झालं तर कृपा करून पीसी तिथल्या तिथे बंद करा, एकही फाइल सेव्ह करू नका. भाच्याने डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली आणि पुसलेल्या फाइल शोधून काढणारं फोटोरेक लावलं. ऐंशीपैकी 53 फाइल मिळाल्या, त्यातल्या नऊ अर्धवट. फोटोरेक नावं परत देत नाही. एफ आणि पुढे आकडे, एवढंच.

गाळेवाल्याकडे उघडलेली डबी घेऊन गेले तेव्हा त्याने डिस्कचे 3,200 मुकाट्याने परत केले. "लायसन्सचा रिफंड होत नाही" म्हणाला. मी 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी पहिल्यांदा बिलच मागितलं. माझ्याकडे तो कागद आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट. तेवढ्यावरही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लागतोच असं नाही. अर्ज लिहून तयार आहे, सोमवारी देणार आहे.

आई रोज दुपारी एक-एक फाइल ऐकते आणि बाबांनी सांगितलेली तिथी ऐकून वहीत नाव लिहिते. भाचा तसं नाव फाइलला देतो, आणि आता कॉपी तीन ठिकाणी ठेवतो. एका फाइलमध्ये बाबा "आज आषाढ शुद्ध एकादशी, सन" म्हणतात आणि आवाज तुटतो. आईने ती तीनदा लावून बघितली. मग वहीत "साल कळत नाही" असं लिहिलं. डोंबिवलीच्या मावशीने त्या काळात दोन कॅसेट नेल्या होत्या असं तिला आठवतंय. ह्या रविवारी आम्ही तिच्याकडे जाणार आहोत.