हाडूक की ब्रश?

आमच्याकडे, वर्धेकडच्या खेड्यात, कुत्र्याच्या दातांची काळजी म्हणजे रविवारच्या मटणातलं हाडूक. चघळताना दातांवरचा थर थोडा घासला जातो, हे खरं. पण शिजलेलं हाड ठिसूळ होतं. त्याच्या चिपा घशात, आतड्यात रुततात. कडक हाडानं वरची मोठी दाढच फुटते. शिवाय हिरडीच्या कडेला, जिथं रोग सुरू होतो, तिथं हाड पोचतच नाही.

ब्रशला खर्च म्हणाल तर लहान मुलांचा मऊ ब्रश पुरतो. पेस्ट मात्र आपली नको: कुत्रं चूळ भरत नाही, फेस गिळतं, त्यातलं फ्लोराइड बाधतं, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर जिवावर बेततं. नुसत्या पाण्यानंही चालतं. दातावरचा मऊ थर दोन-तीन दिवसांत दगडासारखा व्हायला लागतो, म्हणून रोज घासलेलं बरं. कुत्र्याचे 42 दात, पण बाहेरची बाजू घासली तरी बरंच साधतं.

मांजरीचे दात 30 अन् नखं वेगळी! तिला बोटाला ओलं फडकं गुंडाळून सुरुवात करा.

माझं मत ब्रशला. पिवळा दगड आधीच चढला असेल, तर दोन्ही कुचकामी. भूल देऊन डॉक्टरांनीच तो काढायचा.