मिलानची डीबी४ आणि तुरिनची हेरल्ड
ॲस्टन मार्टिन डीबी४ या ब्रिटिश गाडीला (१९५८) रूप दिले ते मिलानच्या तूरिंग या कारखान्याने. बारीक पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे चढवण्याची त्यांची ‘सुपरलेजेरा’ पद्धत परवान्याने इंग्लंडमध्ये आली, आणि लांब बॉनेटपासून उतरत्या छपरापर्यंत या गाडीची रेघ कुठेही अडखळत नाही. देखणेपणात तिला तोड नाही. तरीही इटालियन हाताचे खरे कर्तृत्व मला ट्रायम्फ हेरल्ड या दुसऱ्या ब्रिटिश गाडीमध्ये (१९५९) दिसते, कारण ती सामान्य कुटुंबाची गाडी होती आणि तुरिनच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी जुन्या धाटणीच्या, बॉडीपासून सुट्या चासीवरच (खालच्या सांगाड्यावरच) तिची नेटकी, मोठ्या काचांची केबिन बेतली. मडगार्डांसह अख्खे बॉनेट पुढे कलंडते, त्यामुळे इंजिनाबरोबर पुढची चाकेही दुरुस्तीला मोकळी होतात. हीच गाडी पुढे मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून तयार होऊन भारतीय रस्त्यांवर आली.