डायमिथाइल कार्बोनेट: दोन हिवाळे वापरून पाहिलेलं सॉल्व्हंट

पहिला ड्रम आला तो जानेवारीत. उत्तर ओहायोतला जानेवारी म्हणजे शेडच्या पत्र्यावर वीतभर बर्फ, आणि आत हीटर नाही, कारण तिथे आमच्या लॅकर आणि चिकट मालाला लागणारी सगळी पेट घेणारी सॉल्व्हंटं (द्रावकं). सकाळी हवेवरचा पंप लावला तर तो नुसताच धडधडला, नळीत थेंब येईना. बूच उघडून फ्लेमप्रूफ टॉर्च मारली. आत पांढरं, कणीदार, थंडीत डब्यातलं तूप थिजतं तसं.

डायमिथाइल कार्बोनेट, म्हणजे आमचं डीएमसी, २ ते ४ अंशांच्या दरम्यान गोठतं. डेटाशीटवर लिहिलेलं असतं आणि मी ते वाचलंही होतं. पण वाचणं वेगळं आणि आतून दगड झालेला २०० लिटरचा ड्रम ढकलत गरम खोलीत नेणं वेगळं. वितळायला दीड दिवस गेला. घाई करून काही गुंडाळायचं, तापवायचं म्हणावं तर फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेट घेते तो, १७-१८ अंशांचा. म्हणून गप्प बसले आणि त्या दोन दिवसांचं प्रॉडक्शन पुढे ढकललं.

एवढं झाल्यावरही मी हे पुन्हा मागवते. ते का, हे सांगायलाच लिहितेय. अंबरनाथच्या आमच्या जुन्या सरांचा फोन आला होता, "अगं, ते तुमच्याकडचं सूटवालं सॉल्व्हंट आपल्याकडे घेण्यात अर्थ आहे का?" त्यांना फोनवर दिलेलं उत्तर अर्धवट होतं. हे सविस्तर.

आधी या सूट मिळण्याची भानगड. सॉल्व्हंटची वाफ उन्हात नायट्रोजन ऑक्साइडशी जुळून जमिनीलगत ओझोन तयार करते आणि शहरावर धुरकं येतं. अमेरिकेचं पर्यावरण खातं जे पदार्थ या कामात अगदी मंद आहेत, ढोबळमानाने इथेनपेक्षाही मंद, त्यांना व्हीओसीच्या, म्हणजे हवेत उडणाऱ्या सेंद्रिय रसायनांच्या, हिशेबातून वगळतं. पीसीबीटीएफ (पॅराक्लोरोबेंझोट्रायफ्लोराइड) १९९४ ला सुटलं, ॲसिटोन १९९५ ला, मिथाइल ॲसिटेट १९९८ ला, टर्शरी ब्युटाइल ॲसिटेट २००४ ला, आणि आपलं डीएमसी २००९ ला. सूट ओझोनपुरतीच आहे, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगते. मिथिलीन क्लोराइडही त्याच यादीत आहे आणि २०२४ मध्ये त्याच खात्याने त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली. सर म्हणाले होते, "व्हीओसी नाही म्हणजे वास नाही, विष नाही, असंच ना?" नाही सर, असं नाही.

आमच्याकडे आधी पीसीबीटीएफ चालायचं. कामाला देखणं सॉल्व्हंट: उकळतं १३९ अंशांना, फ्लॅश पॉइंट ४३, फवाऱ्याला सावकाश, निओप्रीन रबर छान उघडतं, म्हणजे विरघळवतं. मग जून २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने ते प्रॉपोझिशन ६५ या आपल्या कायद्याच्या यादीत कॅन्सरकारक म्हणून घातलं, आणि २०२२ मध्ये लॉस एंजेलिसकडच्या साउथ कोस्ट हवा-खात्याने चिकट मालाच्या नियमातून ते आणि टर्शरी ब्युटाइल ॲसिटेट दोन्ही टप्प्याटप्प्याने बाद करायचं ठरवलं. दुसऱ्याचं मला दुःख झालं नाही. त्याचा वास कापरासारखा म्हणतात. मला तो देव्हाऱ्यातल्या कापराचा नाही, ट्रंकेतल्या डांबरगोळीच्या चुलतभावाचा वाटतो.

डीएमसीचा वास मात्र खरंच सौम्य, किंचित गोडसर. लॅबमध्ये दुपारी डोकं चढत नाही. (याचा अर्थ मास्क काढायचा असा नाही. पाणी आणि अल्कलीच्या संगतीत त्याचं मिथेनॉल होतं.)

खरा कस लागला तो लॅकरमध्ये. इंडियानात एल्कहार्टला चाकांवरची घरं बनवणारे कारखाने ओळीने आहेत. त्यातल्या एकाला आम्ही कपाटांच्या दारांचं नायट्रोसेल्युलोज लॅकर देतो. त्यांच्या परमिटमध्ये वर्षाला किती टन व्हीओसी सोडायचं याला मर्यादा, शिवाय टोल्यूइन घातक हवा-प्रदूषकांच्या यादीतलं, त्यामुळे ते नकोच. मी आधी सगळं ॲसिटोनवर ढकललं. ब्युटाइल ॲसिटेटचा उडण्याचा वेग १ धरला तर ॲसिटोनचा साडेपाच-सहा. ऑगस्टातल्या दमट दुपारी दारावर फवारा पडला, ॲसिटोन भुर्रकन उडालं, लाकडाचा पृष्ठभाग गार पडला, हवेतली वाफ त्यावर बसली आणि मेपलचं दार पाव मिनिटात पांढरट झालं, श्वास सोडलेल्या आरशासारखं. आमच्या डोंबिवलीत पावसाळ्यात पॉलिशवाले काम का थांबवतात ते मला एकविसाव्या वर्षापासून माहीत होतं, तरी चूक केलीच. डीएमसीचा वेग सव्वातीनच्या आसपास, टोल्यूइनचा २. ॲसिटोनचा अर्धा हिस्सा काढून तिथे डीएमसी घातलं, शेपटीला, म्हणजे सगळ्यात शेवटी उडायला, थोडं ब्युटाइल ॲसिटेट ठेवलं. पांढरेपणा गेला, फिल्म सपाट बसली. नायट्रोसेल्युलोज आणि ॲक्रिलिक दोन्ही त्यात झकास विरघळतात. लॅकरसाठी पाचपैकी साडेचार.

चिकट मालात एवढं कौतुक नाही. सनमायका लावायचं सोल्यूशन म्हणजे निओप्रीन आणि रेझिन. आमचा निओप्रीनचा ग्रेड एकट्या डीएमसीत उघडलाच नाही. रात्रभर ढवळूनही सुजलेल्या साबुदाण्यासारखा तळाशी. थोडं सायक्लोहेक्सेन घातल्यावर वाट मोकळी झाली, पण ते व्हीओसी, म्हणजे सूट जिथून मिळवली तिथेच थोडी परत द्यायची. इथे अडीच.

आणि हिशेबातली एक मेख, जी मी स्वतः चुकले. साउथ कोस्टमध्ये कॉन्टॅक्ट ॲडेझिव्हला मर्यादा लिटरला ८० ग्रॅम. पीसीबीटीएफच्या काळात माझ्या एका डब्यात लिटरमागे ६० ग्रॅम व्हीओसी होतं, मी खूश. पण सूटवालं सॉल्व्हंट वरून, व्हीओसीच्या वजनातून, वजा करतात तसं खालूनही, लिटरच्या आकारमानातून, करतात. त्या लिटरात अर्धा लिटर पीसीबीटीएफ होतं. ते काढलं की उरला अर्धा लिटर, म्हणजे हिशेबाने १२० ग्रॅम. सूटवालं जास्त ओतलं की आकडा खाली जाईल, हा भ्रम त्या दिवशी गेला. शिवाय देशपातळीवर सूट मिळाली म्हणजे प्रत्येक जिल्ह्याच्या हवा-खात्याने दिली असं होत नाही. त्यांची यादी वेगळी असते, डबा तिथे पाठवण्याआधी ती वाचायची. म्हणून हे डीएमसीवालं लॅकर मी कॅलिफोर्नियाला पाठवतच नाही.

किमतीकडे बघताना घनता विसरू नका. टोल्यूइन ०.८७, डीएमसी १.०७. बिल वजनावर येतं, डबा आकारमानावर भरतो. किलोचा भाव सारखा असला तरी लिटरमागे डीएमसी २३ टक्के महाग पडतं. पहिल्या कोटेशनमध्ये मी हे धरलंच नव्हतं. आमच्या मॅनेजरने ती शीट अजून जपून ठेवली आहे.

अमाइन हार्डनरवाल्या इपॉक्सीत घालायच्या फंदात पडू नका, अमाइनशी त्याचं जमत नाही. अमाइनशी ॲसिटोनचंही जमत नाही. दोन घटकांच्या पॉलियुरेथेनमध्ये घालणार असाल तर कमी पाण्याचा ग्रेडच मागा आणि उघडा ड्रम आठवडाभर तसाच ठेवू नका. पाणी शिरलं की पॉलियुरेथेनचा एक घटक, आयसोसायनेट, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि फिल्मवर बुडबुडे येतात.

आता सरांच्या प्रश्नाचं. तुमच्या गिऱ्हाईकाला ही अमेरिकी यादी लागू नसेल तर निव्वळ सूट आहे म्हणून जास्तीचे पैसे घालू नका. माल इकडे पाठवणार असाल, किंवा टोल्यूइन सोडायचंच ठरवलं असेल आणि पावसाळ्यात ॲसिटोन त्रास देत असेल, तर एक ड्रम घेऊन बघा. तुमच्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही, ही एक चैन. आम्ही आता ड्रम उतरवल्या उतरवल्या ॲसिटोनमध्ये आधीच मिसळून ठेवतो, मग ते थिजत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी नवा ड्रम मागवत नाही. या वर्षीचे दोन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच आत घेतलेत.