कळांचं भेव: मिडवाइफची सोबत की ठरवून सिझेरियन?

नागपूरच्या महाल भागातली माझी मामेबहीण सातव्या महिन्यात आहे. परवा म्हणाली, "ताई, मले लय भेव वाटते. सरळ तारीख घेऊन सिझेरच करून टाकू का?"

आधी भीतीचंच बघू. सिझेरियनने कळा टळतात, दुखणं टळत नाही. ते टाक्यांबरोबर मागून येतं. मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणाचं खास प्रशिक्षण घेतलेली परिचारिका, आधी विचारते, नेमकं भेव कशाचं? कळ चढते, मिनिटभरात ओसरते, मध्ये उसंत मिळते, हे ती आधीच समजावते. ऐन कळांत कमरेवर तळहात दाबून धरते, चालवते, श्वास लांब सोडायला लावते. अशी सतत सोबत असली की सिझेरियनची शक्यताही घटते, हे अभ्यासांत दिसलंय.

खर्च? डागा किंवा मेडिकलसारख्या सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली दोन्ही मोफत. मोफत जेवण मात्र नॉर्मलला 3 दिवस, सिझेरियनला 7. सावरायला कुठे जास्त वेळ लागतो, ते यातच आलं.

खरी अडचण मिडवाइफ मिळण्याची. 18 महिन्यांचं हे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका 2018 च्या धोरणानंतर तयार होताहेत, पण सगळीकडे नाहीत. आधी चौकशी करा.

वार (प्लॅसेंटा) खाली गर्भपिशवीच्या तोंडावर असेल, बाळ आडवं असेल, तर सिझेरियनच. नुसतं भेव असेल तर मिडवाइफ. आधीच्या बाळंतपणाचा धसका समुपदेशनानेही जात नसेल, तर डॉक्टरांशी बोलून तारीख घ्या. त्यात कमीपणा कसला?

बहिणीने पुढच्या तपासणीसाठी प्रश्नांची चिठ्ठी केलीय. पहिला प्रश्न: "सासूबाईंऐवजी आई आत चालेल का?"