वर राहायचं की खाली? बारा जणांच्या स्की सहलीचा मुक्काम

दरवर्षी घरचे आणि मित्र मिळून स्कीला जाणाऱ्यांचं डोंगरावर पटकन एकमत होतं, घोडं अडतं ते मुक्कामावर. उतारालगतच्या फ्लॅटमध्ये राहायचं, की खालच्या गावात ऐसपैस घर घेऊन रोज वर जायचं? आल्प्समध्ये हा पेच अनेक ठिकाणी पडतो, पण तुलनेला सगळ्यात सोयीची जोडी म्हणजे फ्रान्स-स्वित्झर्लंड सीमेवरच्या पोर्त द्यु सोलेय या स्की-क्षेत्रातली आव्होरियाझ आणि मॉर्झीन. स्कीचं जाळं एकच. मॉर्झीन साधारण १००० मीटरवर, आव्होरियाझ १८०० मीटरवर. हिशेबाला बारा जण धरू: पाच मुलं, स्की न करणारे दोन ज्येष्ठ, पहिल्यांदाच बूट चढवणारे दोघं आणि बाकीचे मुरलेले.

घर म्हणून पाहिलं तर मॉर्झीन उघडउघड सरस. बारा जण एका टेबलाला बसतील असं लाकडी घर मिळतं. ज्येष्ठांना सपाट रस्ते, दुकानं आणि बसायला चार जागा मिळतात. बहुतेक मोठ्या घरांत बुटांसाठी गरम खुंट्यांची खोली असते, आणि ही चैन नव्हे. रात्रभर थंडीत राहिलेल्या बुटाचं प्लास्टिक इतकं कडक होतं की सकाळी पाय आत जात नाही, मग पाच मुलांचे दहा पाय कोंबण्यात अर्धा तास जातो. हवा बिघडली तरी खालची बाजू बरी. मॉर्झीन आणि शेजारचं ले जे गाव यांच्यामधले उतार झाडांतून जातात, त्यामुळे ढगातही पुढचं दिसतं. आव्होरियाझचा बराच भाग उघडा. तिथे ढग उतरले की आभाळ आणि बर्फ एकाच रंगाचे होतात आणि पिस्टच्या (स्कीसाठी आखलेल्या वाटेच्या) कडेचे खांब मोजत खाली यावं लागतं.

वरच्या फ्लॅटची जाहिरात वाचताना एक ठोकताळा लावावा: लिहिलेल्या माणसांतून दोन वजा करा. ‘सहा जणांसाठी’ म्हणजे बहुतेकदा एक खोली, बोळातले दोन बंक आणि बैठकीतला सोफा. बारा जणांना सहा-सहाचे दोन फ्लॅट पुरतील असं समजणारे तिसऱ्या दिवशी एकमेकांशी तुटक बोलू लागतात. आठ-आठचे दोन, तेही एकाच मजल्यावर, हे किमान. स्कीचं कपाट बऱ्याचदा तळघरात असतं आणि गरम नसतं. स्की तिथे ठेवा, बूट मात्र वर आणा, आतलं अस्तर काढून हीटरजवळ (हीटरवर नव्हे) सुकवा.

शिवाय आव्होरियाझमध्ये गाड्यांना मज्जाव आहे. गाडी वेशीवरच्या वाहनतळावर सोडायची आणि सामान हातगाडीवर, घोड्याच्या घसरगाडीतून किंवा बर्फात पट्ट्यांवर चालणाऱ्या वाहनातून न्यायचं. साप्ताहिक भाड्याची अदलाबदल बहुतेक शनिवारी होते, त्यामुळे ही कसरत सगळे एकाच वेळी करतात. शनिवारची दुपार गेलीच म्हणा.

बर्फाचं गणित सोपं आहे. हजार मीटर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा अंश उतरतं, म्हणजे या दोन ठिकाणांत पाचएक अंशांचा फरक. खाली पाऊस आणि वर बर्फ, असं हंगामात कधीही होऊ शकतं.

इथवर पारडं खाली झुकलेलं दिसेल. आमच्या लेखी ते उलटतं दुपारी. सकाळची धांदल दोन्हीकडे सारखीच असते. खरी मेख आहे ती अधूनमधून घरी येण्यात. सहा वर्षांचं मूल साडेअकराला दमतं. वर राहत असाल तर दारापाशी स्की काढायच्या, मूल आजीच्या हवाली करायचं आणि परत लिफ्टवर (डोंगरावर नेणाऱ्या रोपवेवर), पंधरा मिनिटं. खाली राहत असाल तर दोन जोड स्की खांद्यावर घेऊन गोंडोला (बंद डब्यांचा रोपवे) गाठा, पाचएक मिनिटांत प्रोदँला, म्हणजे खालच्या स्थानकावर, उतरा, बसची वाट पाहा, मग थांब्यापासून स्कीचे बूट घालून घरापर्यंत खडखडत जा. तासाला थोडंच कमी. परत तेवढाच वेळ वर यायला, आणि दुपारी साडेचारच्या आसपास लिफ्ट बंद होऊ लागतात. म्हणजे एक मूल दमलं की दोन माणसं बाद. पाच मुलांत हे रोज कुणाचं तरी होतं, आणि खाली जाणारा मोठा माणूस बहुधा ठरलेला असतो: ज्याला नाही म्हणता येत नाही तो.

नवशिक्यांचंही तेच. नडगी दुखते म्हणून ते अकराला थांबतात. कारण बहुतेकदा बुटात खोचलेली थर्मलची कड किंवा दोन मोज्यांची घडी असतं. बुटात एकच मोजा हवा, थर्मल बुटाच्या वर संपायला हवी. बूट सैल असला तर मापच बदलावं लागतं. दुकान दाराशी असेल तर हे अर्ध्या तासाचं काम, नाहीतर तो दिवस कॉफीत जातो. विसरलेला हातमोजाही याच हिशेबात धरा.

तरी खालीच राहायचं ठरलं तर हा त्रास निम्मा करता येतो. घर सुपर मॉर्झीन किंवा प्लेनेच्या गोंडोलापासून चालत पाच मिनिटांत असावं. ‘बस थांब्याजवळ’ हे वाक्य आलं की पुढची जाहिरात पाहा. बूट आणि स्की लिफ्टच्या पायथ्याशी, भाड्याच्या दुकानातच रात्री ठेवता येतात का ते विचारा, म्हणजे साध्या बुटांत ये-जा होते. मुलांची स्कीची शाळा प्लेनेच्या पायथ्याशी घ्या, वर नको. हे जानेवारी-फेब्रुवारीत चांगलं जमतं. मार्चमध्ये हजार मीटरवरचा बर्फ दुपारपर्यंत लगदा होतो.

मुलं मोठी असतील, सगळे एका तालात स्की करत असतील, तर मॉर्झीनचं मोठं टेबल सोडू नये. गटात दहा वर्षांखालचं कुणी असेल तर मात्र आमचं मत वरच्या चिंचोळ्या फ्लॅटला. सामान चाकांच्या कडक पेट्यांत नेऊ नका. बर्फात चाकं रुततात. मऊ पिशव्या घसरगाडीवर एकावर एक बसतात. दोन फ्लॅटपैकी उताराच्या बाजूचा ज्येष्ठांना द्या, कारण दुपारी मुलं त्यांच्याच दारात येणार आहेत.