एनएएससाठी ४ टीबी डिस्क: डब्ल्यूडी रेड, रेड प्लस की आयर्नवुल्फ?

लग्नाचं फुटेज साठवायला चार कप्प्यांचा एनएएस (नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) घेतला की काटकसर डिस्कमध्ये होते, आणि घोळही तिथंच होतो. कोल्हापुरात राजारामपुरीत काय, शाहूपुरीत काय, काउंटरवर नुसतं ‘एनएएसची ४ टीबी द्या’ म्हणू नका. डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) रेड हातात आली आणि लेबलवरचा मॉडेल नंबर ‘ईएफएएक्स’नं संपत असेल तर तिथंच परत करा. २ ते ६ टीबीच्या या डिस्क एसएमआर आहेत, म्हणजे त्यांच्यातल्या डेटा लिहायच्या पट्ट्या (ट्रॅक) एकमेकांवर चढलेल्या. कंपनीनं ते एप्रिल २०२० मध्ये, बोभाटा झाल्यावर, सांगितलं. त्याआधीच्या ‘ईएफआरएक्स’ सीएमआर, म्हणजे सुट्या ट्रॅकच्या, होत्या. आता सीएमआर हवी तर ‘प्लस’ हा शब्द उच्चारावाच लागतो.

एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली आधी उतरवावी लागतात. म्हणून डिस्क नवा डेटा आधी राखीव जागेत घेते आणि रिकामा वेळ मिळाला की मूळ जागी बसवते. रोजच्या कॉपीत हे कळतही नाही. कळतं ते रिबिल्डला, म्हणजे बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी घालून तिच्यावर डेटा पुन्हा उभा करताना. तासन्तास सलग लिहिणं सुरू होतं, राखीव जागा भरते आणि वेग कोसळतो. सीएमआर डिस्क सेकंदाला १५० एमबीनं ४ टीबी साधारण साडेसात तासांत भरते. एसएमआरला काही दिवसही लागू शकतात. झेडएफएस ही फाइल सिस्टीम तर एरर मोजून नवी डिस्कच बाहेर काढू शकतं. ‘RAID-5’ मध्ये (एकच डिस्क गेलेली सोसणारी जोडणी; डब्ल्यूडी रेडशी संबंध नाही) तेवढ्यात दुसरी डिस्क गेली, तर फुटेज गेलंच.

सीगेटच्या आयर्नवुल्फमध्ये ही भानगड नाही, सगळी मालिका सीएमआर. रेड प्लसही तितकीच चांगली, वॉरंटी दोन्हींना ३ वर्षं. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी दुकानातच तपासा. सीगेटच्याच बाराकुडाची ४ आणि ८ टीबी स्वस्त दिसते, पण एसएमआर, अ‍ॅरेत (एकत्र जोडलेल्या डिस्कमध्ये) नको. सीसीटीव्हीवाल्यांकडची डब्ल्यूडी पर्पल सीएमआर असते, अडीनडीला चालेल.

डिस्क आधीच बसवली असेल तर लिनक्सच्या ‘एचडीपार्म’ या आज्ञेच्या माहितीत ट्रिम (रिकामी झालेली जागा डिस्कला कळवायची सोय) शोधा. फिरत्या डिस्कला ट्रिम दिसलं तर ती एसएमआरच समजा. मात्र बाराकुडात ते न दिसताही एसएमआर असू शकते, तिथं मॉडेल नंबरच खरा. पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा यूपीएसची यूएसबी वायर एनएएसला जोडा, म्हणजे तो वेळेत आपोआप बंद होतो.

घेऊन बसलेली ईएफएएक्स भंगारात घालू नका. एकटीच बाहेरच्या केसमध्ये टाकून बॅकअपला उत्तम चालते. फक्त ती तळमजल्यावर ठेवू नका; २०१९ ला शाहूपुरीत पाणी कुठवर आलं होतं ते आठवा.